आत्याच्या स्टुलासाठी गिरगाव ते चिंचपोकळी

प्रिय मुक्ता आणि नील,

मुक्ता, तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. तुमच्या कॉलेजातल्या मुलांनी बनवलेलं ते स्टूल मी भिंग घेऊन पाहिलं. जमिनीलगतच्या संडासाच्या भांड्यावर ठेवायचं, म्हणजे ज्यांना उकिडवं बसता येत नाही त्यांना टेकता येईल. पुढची बाजू मोकळी, दोन्हीकडे धरायला मुठी. बक्षीस मिळालं, छान झालं. पण खाली तू लिहिलंस, "आजी, असा विचार आजवर कोणीच केला नव्हता." ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. मला राग आला. तुझा नाही. तुला हे कोणी सांगितलंच नाही, आणि न सांगणाऱ्यांत मीही आहे. आपल्या घरांत जेवणाबद्दल तासभर बोलतात आणि त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही.

म्हणून प्रवासाची जुनी वही कपाटातून काढली. मुंबई कोणाची यावरून रस्ते पेटले होते ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. मी सांगलीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे बाबा चार वर्षांचे होते, त्यांना आजोबांजवळ ठेवून मी मुंबईला गेले. दहा-बारा दिवसांत जे घडलं ते क्रमानं लिहिते. नील, तुला मराठी वाचायला जड जातं, तर बाबांकडून मोठ्यानं वाचून घे. त्यांनाही यातलं फारसं ठाऊक नाही.

गिरगाव, शुक्रवार

मी गेले ती माझ्या आत्यासाठी. बी.ए. होईपर्यंत चार वर्षं मी तिच्याच घरी राहिले. मुलीला कशाला इंग्रजी, असं सगळं घर म्हणत असताना तिनं मला स्वतःच्या खोलीत जागा दिली. खोली एकच, मोरी त्याच खोलीत. त्या वर्षी ती सत्तरीची होती. चाळीच्या संडासात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण पाय ताठ राहिला. काठी घेऊन चालता येत होतं, उकिडवं बसता येत नव्हतं.

बंडूदादाचं, म्हणजे तिच्या मुलाचं, कार्ड आलं होतं: "आई जेवत नाही, पाणी पीत नाही, हट्ट धरलाय. तुझं ऐकेल." मी पाहिलं तर आत्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

कुसुमवहिनीनं वालाची उसळ केली होती, आमसुलाचं सार केलं होतं. आत्यानं भाताची दोन शितं चिवडली आणि साराची वाटी परत सरकवली.

"वन्सं, बघा ना," वहिनी म्हणाली. "डॉक्टर सांगून गेले, पाणी भरपूर प्या, नाहीतर मूत्रपिंड जाईल. ह्या दिवसाला अर्धा कप चहा घेतात. बस्स."

सगळे बाहेर गेल्यावर मी आत्याजवळ बसले.

"आत्या, का पीत नाहीस?"

"प्यायलं की जावं लागतं."

"मग?"

"मग काय, मालू? तू शिकलेली ना? बसू कशी, ते सांग."

मी गॅलरीच्या टोकाला जाऊन पाहून आले. चाळीस बिऱ्हाडांना सहा संडास, त्यांतले तीन बायकांचे. उंच पायरी. गुळगुळीत झालेली फरशी, वर साखळीची टाकी. कडी नाही, दाराला सुतळी बांधलेली, ती आत बसून हातात धरायची. दुसऱ्या हातात टमरेल. लुगडं धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. मोरीत बसायचं म्हटलं तरी उकिडवंच, आणि तिथून दोन हातांवर शेगडी, पाठीमागे मुलगा. दोन शेजारणींनी धरून नेलं तेव्हा आत्याला त्यांच्या खांद्यांवर लोंबकळत राहावं लागलं. तेव्हापासून तिनं पाणी सोडलं होतं. तो हट्ट नव्हता, हिशेबी निर्णय होता. आणि ती त्यानं मरणार होती.

बंडूदादा चाळ कमिटीचा चिटणीस. दाराला कडी बसवायचा ठराव तीन सभांत पुढे ढकलला होता, कारण प्रत्येक सभेत मुंबईचा प्रश्न आधी घ्यावा लागला. जिन्याच्या भिंतीवर मात्र गेरूनं हातभर अक्षरात लिहिलं होतं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मलाही तो हवा होता. सांगलीत मी मुलींना घेऊन प्रभातफेऱ्या काढल्या होत्या. म्हणून तर जास्त राग येत होता.

फोर्ट, शनिवार

ट्रामनं फोर्टात गेले. मोर्च्यामुळे ट्राम अडली, निम्मं अंतर चालले. संडासाच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. आत शिरल्यावर वाटलं, एखाद्या दवाखान्यात आले. दुधासारखी पांढरी कमोडं रांगेनं मांडलेली. टाय लावलेला विक्रेता माझं इंग्रजी ऐकून खूश झाला. साखळीऐवजी दांडा दाबायची नवी टाकी त्यानं मला दोनदा चालवून दाखवली.

"अजिबात आवाज होत नाही, मॅडम. बंगला कुठे आहे आपला?"

"गिरगावात. चाळीत."

त्यानं टाकीवरचा हात काढून घेतला. "चाळीत हे टिकत नाही. लोक वर चढून बसतात, फोडतात. आणि मालक पाइप बदलू देणार नाही."

दुर्दैवानं त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. पण बिनआवाजाच्या टाकीसाठी ज्यांनी इतकं डोकं चालवलं, त्यांतल्या एकालाही मोडक्या खुब्याची म्हातारी आठवली नाही, हे मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं. मी "थँक यू" म्हणून बाहेर पडले. इंग्रजी शिक्षणाचा हा एक तोटा आहे.

दादर, रविवार

कॉलेजातली मैत्रीण विमल परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, राहायची दादरला. तिनं साबुदाण्याचे वडे तळले आणि तळता तळताच सगळं ऐकून घेतलं.

"पाणी पी म्हणून सांगितलं. का पीत नाही, हे त्या डॉक्टरनं विचारलं?"

"नाही."

"विचारणारच नाही. पुरुष आहे आणि त्याच्या घरी कमोड आहे."

हॉस्पिटलात खुर्ची असते, खाली एनॅमलचं भांडं. ती मिळवता आली असती. पण ते भांडं उचलून गॅलरीतून न्यायचं कोणी? वहिनी 'स्वयंपाकाच्या खोलीत नको' म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि आत्या तर आदल्या रात्रीच बोलली होती, "माझी घाण दुसऱ्यानं उचलायची वेळ आली की मला सरळ चंदनवाडीच्या स्मशानात न्या."

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. सांगलीच्या आमच्या घरी मागच्या दारी टोपलीचा संडास होता. रोज सकाळी एक बाई मागच्या बोळातून यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन जायची. कित्येक वर्षं. आत्याला दुसऱ्यानं उचलण्याची लाज वाटत होती. मला कधी वाटलीच नव्हती. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. रागाच्या यादीत हे माझ्या नावावर आहे.

विमल म्हणाली, "गिरणीतला एक सुतार आहे. आई वॉर्डात होती तेव्हा त्यानं तिच्यासाठी स्टूल करून आणलं होतं. मधे भोक, पाय पसरट. सरळ आपल्या भांड्यावर ठेवायचं. आम्ही सगळ्या बघत राहिलो. चिंचपोकळीला त्याचं दुकान आहे. पहिली पाळी सुटली की तिथं असतो."

चिंचपोकळी, सोमवार

पुलावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन मी सखाराम मिस्त्रींच्या दारात उभी राहिले. दुकान म्हणजे एक पडवी. मागच्या खोलीत बिऱ्हाड. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याला ताजा हार. दीक्षा घेऊन थोडेच दिवस झाले होते. मिस्त्रींनी आधी माझी चप्पल घेतली, दोन बारीक खिळे ठोकले आणि मग विचारलं, "बोला बाई."

मी सांगितलं. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही, खाकरले नाहीत, विषय बदलला नाही. इतक्या दिवसांत मला भेटलेला तो पहिला पुरुष.

"भांड्याची रुंदी किती?"

मला ठाऊक नव्हती.

"म्हातारीचा गुडघा जमिनीपासून किती?"

तेही नाही.

"बाई, चप्पल ठोकून घ्यायला पाय घेऊन आलात. म्हातारीच्या पायाचं माप नाय आणलात?"

आतून त्यांची बायको पार्वतीबाई हसली. मी मास्तरीण, मुलींना 'आधी मोजा, मग लिहा' सांगणारी. वहीत लिहून घेतलं: रुंदी, गुडघा.

मिस्त्रींनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. बैठकीची पुढची बाजू घोड्याच्या नालासारखी मोकळी. "सायबाच्या कमोडाची बैठक गोल बंद. त्याला कागद लागतो. आपल्याला पाणी लागतं, हात जायला जागा नको? म्हातारी बसली नि धुता नाय आलं, तर ती दुसऱ्या दिवशी बसेल काय?" पायांच्या तळाला टायरचं रबर, म्हणजे ओल्या फरशीवर सरकणार नाही. आणि मुठी धोट्याच्या लाकडाच्या. गिरणीत मागावर सूत घेऊन पळतो तो धोटा. "त्या लाकडाला कूस येत नाय, बारीक काटा निघत नाय. धाग्याला लागत नाय, तर हाताला काय लागणार?"

मुक्ता, हे सगळं तुमच्या बक्षिसाच्या आधी, एका पडवीत, खडूनं काढलेलं मी पाहिलं आहे.

मग मी एक मागणी केली. "वर झाकण करा. गॅलरीतून नेताना दिसायला नको. जरा बरं दिसेल असं करा." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "करतो." या झाकणाची गोष्ट पुढे येईल. चूक माझी होती.

पार्वतीबाईंनी भाकरी वाढली. मी मासे खात नाही म्हटल्यावर बोंबलाची चटणी बाजूला सारून लसणाची दिली. सांगलीत मी तोवर त्यांच्यासारख्या घरात जेवले नव्हते, हेही लिहून ठेवते. पार्वतीबाईही गिरणीत होत्या, वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. जेवताना मी सहज विचारलं, गिरणीत संडास कसे आहेत?

"हायत की. पण जायला बिल्ला लागतो, पितळेचा. खात्यात बायका पन्नास नि बिल्ले दोन. एक आली की दुसरीनं जायचं. मुकादम घड्याळ बघत उभा. पोरगी पोटाशी असली तरी बिल्ला, महिन्याची असली तरी बिल्ला."

"मग करता काय?"

"पाणी पीत नाय."

आत्याचं वाक्य, शब्दांच्या थोड्या फरकानं. म्हणजे या शहरात खोलीतल्या म्हाताऱ्या आणि खात्यातल्या तरण्या, सगळ्या बायका तहानलेल्या राहत होत्या, आणि कोणाच्याही भाषणात ते येत नव्हतं.

निघताना पार्वतीबाईंनी माझ्या पिशवीत जुन्या मांजरपाटाच्या शिवलेल्या घड्या घातल्या. आत कापूस, दोन्ही टोकांना कमरेला बांधायच्या नाड्या. खात्यातल्या बायकांसाठी त्या शिवून ठेवत. नुसती चिंधी घसरते, आणि बिल्ला मिळेपर्यंत उभं राहायचं असतं. फोर्टात केमिस्ट असली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, नजर चुकवून देत असे. पार्वतीबाईंनी उघड्या हातानं दिली. "उन्हात वाळवायच्या हां बाई. लुगड्याखाली लपवून नाय. लपवल्या की खाज येते."

गिरगाव, मंगळवार

सुतळीनं आधी संडासाच्या भांड्याचं, मग आत्याच्या गुडघ्याचं माप घेतलं.

"तिरडीचं माप घेतेस काय गं? घेतेस तर पूर्ण उंचीचं घे."

मी काय बनवून घेते ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मुठी घट्ट बसवायला सांग." त्या दिवशी तिनं अर्ध्याऐवजी पाऊण कप चहा घेतला. सुतळीला दोन गाठी मारून मी ती चिंचपोकळीला पोचवली.

गुरुवार

मी विमलला भेटायला गेले असताना मिस्त्री स्टूल देऊन गेले. दार वहिनीनं उघडलं. दिवस मार्गशीर्षातला गुरुवार, महालक्ष्मीचा. घट मांडायचा, आणि शेजारच्यांचा चौरंग त्या दिवशी मिळाला नव्हता.

संध्याकाळी मी परतले तेव्हा खोली बायकांनी भरलेली. हळदीकुंकू चाललेलं. समोर लाल खण पसरलेला, त्यावर कलश, नारळ, मुखवटा, नथ. आणि खणाखाली माझं स्टूल. मिस्त्रींनी 'बरं दिसेल असं' फार मनावर घेतलं होतं. झाकणाला मण्यांची कोर काढली होती, पायांना लाखेची झिलई दिली होती. मुठींना वहिनीनं झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या.

"वन्सं, किती छान चौरंग आणलात! मला सांगितलंही नाहीत. जरा उंच आहे, पण देवी शोभते."

एकेक बाई वाकून नमस्कार करत होती. मी आत्याकडे पाहिलं. ती कॉटवर पडून, तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. हसताना डोळ्यांतून पाणी यायला हवं, ते येत नव्हतं. तेवढं पाणी तिच्यात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी घट हलवल्यावर मी सांगितलं.

"देवीचं आसन? संडासात? वन्सं, जीभ तरी कशी रेटली?"

"वहिनी, ते आसन नाही. ते संडासासाठीच केलंय. आत्यासाठी."

"आता देवी बसली त्यावर. आता ते देवाचं."

बंडूदादा आला. त्याला वाटलं, दोन्ही बाजूंनी बोलून मिटवावं. "मालू, झालं ते झालं. चाळीत कळलं तर तमाशा होईल. हे राहू दे देवाजवळ. दुसरं काही बघू."

"कधी बघू?"

"सोमवारी सभा आहे, ती होऊ दे."

मला जे बोलायचं होतं ते आत्या बोलली. कॉटवरून, फाटक्या आवाजात. "बंडू, देवीला बसायला चौरंग लागतो हे तुम्हां दोघांना कळतं. मला काय लागतं ते तुला तीन महिने कळलं नाही."

तरीही वहिनीनं गोमूत्र शिंपडून ते स्टूल देव्हाऱ्याखाली सरकवलं. आत्यानं त्या दिवशी चहाही घेतला नाही.

पुन्हा चिंचपोकळी, शनिवार

मला वाटलं, मिस्त्री चिडतील. ते रंधा हातात धरून ऐकत राहिले.

"लक्ष्मी बसली? माझ्या हातच्या लाकडावर?"

"हो."

"बघ गं पार्वती. आमाला देवळाच्या पायरीवर घेत नव्हते, म्हणून आमी ते देव सोडले. आता देवीच आमच्या संडासावर येऊन बसली." ते हसले, पण नुसतं तोंडानं. मग फळी ओढली. "बाई, आता झाकण नाय. मणी नाय. असा करतो, की याला कोणी हळद लावणार नाय."

मी समोर बसून राहिले. पार्वतीबाईंनी घरातला उरलेला निळा रंग काढला. रंग असा भडक, की डोळ्यांत खुपत होता. मुठी मात्र तशाच, धोट्याच्या लाकडाच्या, बिनरंगाच्या.

गिरगाव, रविवार

दुपारी गॅलरीत कमिटीची माणसं बसली होती, मोर्च्याचे फलक रंगवत. रंग वाळल्याबरोबर मी स्टूल घेऊन आले होते. आता ते दोन्ही हातांत धरून त्यांच्यामधून निघाले. मागे आत्या, एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. बंडूदादा दबक्या आवाजात म्हणाला, "मालू, झाकून तरी ने गं."

"झाकून आणलं, त्याचा देव्हारा झाला, दादा. जागा द्या."

एकानं रंगाचा डबा बाजूला घेतला. मी स्टूल भांड्यावर बसवलं, हलवून पाहिलं, आत्याला आत सोडलं आणि बाहेरून सुतळी धरून उभी राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. फलक रंगवणारे आमच्याकडे पाठ करून बसले होते. मग साखळी ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मला त्या दिवशी हवा होता.

आत्या बाहेर आली, कठडा धरून परत खोलीपर्यंत चालली, कॉटवर बसली आणि वहिनीला म्हणाली, "कुसुम, पाणी दे. पेल्यात नको, तांब्या दे."

वहिनीनं तांब्या भरून दिला. आत्या थांबत थांबत, पण सगळा प्यायली. मग वहिनी कोपऱ्यात जाऊन रडली. ती वाईट नव्हती. कोणीच वाईट नव्हतं, आणि तरी माणूस मरायला टेकलं होतं. राग येतो तो याचाच.

निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, मी संडासाबाहेरच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला आणि स्टूल त्यावर अडकवलं. पुढे वहिनीच्या पत्रातून कळत गेलं. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग तळमजल्यावरची दिवस भरत आलेली एक बाई ते नेऊ लागली, मग सांधे धरलेला एक पेन्शनर, दुपारी, कोणी पाहत नसताना. पावसाळ्याआधी दारांना कड्या लागल्या. बंडूदादानंच लावून घेतल्या, ठराव न मांडता.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी आत्या हयात होती. गॅलरीत खुर्ची टाकून तिनं रोषणाई पाहिली आणि दोन पेले पन्हं प्यायली. त्यानंतरही ती पाच वर्षं जगली.

आता उरलंय काय, ते सांगते. चाळ पाडली. मिस्त्रींची पडवी नाही. पार्वतीबाई नाहीत, त्यांनी दिलेल्या घडीची शिवण मात्र माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली आहे. मण्यांच्या कोरीचं पहिलं स्टूल बंडूदादाच्या नातवाकडे, बोरिवलीला आहे. मार्गशीर्षात त्यावर अजून घट मांडतात. निळं स्टूल मी चाळ पाडताना मागून घेतलं, ते माझ्याकडे, सांगलीला, संडासात आहे. गुडघे गेल्यापासून मी तेच वापरते. रंग उडाला आहे, एका पायाखालचं रबर नवीन लावलं आहे. मुठींना अजून कूस आलेली नाही.

तुमची,
आजी